पार्सलताईंची उघडी नोंद

आमच्या वन्सं निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि तीन महिन्यांत घरातली एकही वस्तू सुटी म्हणून राहिली नाही. बिस्किटांचा अर्धा पुडा, जुनी वर्तमानपत्रं, जाड पांघरुणं, माझ्या कॉलेजातल्या वह्या, सगळ्यांना सुतळी लागली. उभी एक, आडवी एक, आणि मधोमध अशी गाठ की हिसडा मारला तर घट्ट बसते आणि नख लावलं तर अलगद सुटते. वर चिठ्ठी. आत काय, किती, कधी बांधलं. सकाळच्या घाईत चहा टाकायला जावं तर साखरेच्या डब्यावर लिहिलेलं असायचं, 'साखर. पाऊण डबा. मंगळवार.'

एका मालवाहतूक कंपनीच्या पार्सल काउंटरवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. एकट्याच राहत असत. काउंटर हाच त्यांचा संसार म्हटलं तरी चालेल. तिथला त्यांचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ होता. पाठवलेल्या मालाची पोच आली नाही तोवर वहीतली नोंद उघडी, आणि उघडी नोंद टाकून काउंटर सोडायचा नाही. आमच्या लग्नाला त्या दीड तास उशिरा आल्या, कारण कुठल्याशा गावाला धाडलेल्या आरशाची पोच यायची होती. लग्नाच्या एकाही मोठ्या फोटोत त्या नाहीत. "आरसा पोचला ना पण!" असं अजूनही म्हणतात, तेही कौतुकाने.

तर अशी बाई रिकामी घरी बसली. मी काही बोलत नव्हते. पण एक दिवस यांच्या मोज्यांच्या जोड्यांना सुतळी दिसली आणि मी यांना म्हटलं, "तुमच्या ताईंना काहीतरी काम बघा हो. नाहीतर उद्या मला बांधून माझ्यावर चिठ्ठी लावतील."

काम खालच्या मजल्यावरच होतं, आम्हाला दिसलं नव्हतं एवढंच.

खाली दोन खोल्यांत माझ्या दिरांची, भाऊजींची, कचेरी आहे. जाहिराती, माहितीपत्रकं, छोट्या फिल्म, प्रदर्शनांची मोठमोठी भित्तिचित्रं असलं काम. माणसं तीनच. भाऊजी स्वतः, एक चित्रकार मुलगी, जी दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलते, आणि फिल्म कापून जोडणारा एक गृहस्थ, ज्याला सगळे कात्री म्हणतात. कात्री पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, आणि जीभही नावाला शोभेल अशी. चहा वरून माझ्याकडून जातो, त्यामुळे जिन्यात उभी राहून तिथलं बरंच काही माझ्या नजरेखालून जातं.

त्यांची चित्रं सुरेख. पाठवायची वेळ आली की मात्र सगळा आनंद. असल्या चित्राची फाईल फार मोठी असते, मेलमध्ये मावत नाही. मग कोणी तिचे तीन तुकडे करून तीन मेल पाठवी, कोणी आपल्या खासगी खात्यातून लिंक देई, कोणी पेन ड्राइव्ह खिशात घालून जाई आणि पँट धुवायला टाकी. फाईलींची नावं तर विचारूच नका. 'नवीन', 'नवीन नको', 'हेच घ्या', 'आधीचं विसरा'. गिऱ्हाईक बिचारं काय घेणार? स्वयंपाकघरातली कपाटं बनवणाऱ्या एका कंपनीने चुकून 'हेच घ्या'च्या आधीची फाईल घेतली आणि तशीच छापली. शहरातल्या चार चौकांत मोठ्या फलकावर एक हसरी बाई नव्या कपाटाला टेकून उभी, आणि तिच्या कोपराजवळ लाल अक्षरांत चित्रकार मुलीने स्वतःसाठी केलेली सूचना: 'हा हात काढणे.'

कपाटवाल्यांचे मॅनेजर फोनवर इतके मोठ्याने बोलत होते की वर माझ्या ओट्यापर्यंत ऐकू आलं. मी चहा घेऊन खाली निघाले, तर वन्सं माझ्याआधी जिन्यात. आत जाऊन त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माल सुटा का पाठवता रे तुम्ही? यादी कुठाय? पोच कोण घेतं?"

"ताई, ही पार्सलं नव्हेत गं," भाऊजी कपाळ धरून म्हणाले. "फायली आहेत."

"इथून निघतात ना? तिथे पोचायला हव्यात ना? मग पार्सलंच आहेत."

कात्री खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाला, "ताई, यांना सुतळी कुठून बांधणार पण?"

"ते तू मला दाखव," वन्संनी बाजूची खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या ज्या बसल्या, त्या बसल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्या इस्त्रीचे कपडे, मनगटाला घड्याळ आणि हातात लांबोडकी वही अशा तयारीने खाली उतरल्या. जाता जाता भावाला सांगितलं, "एक ऐकून ठेव. माझ्या हातून एक पार्सल जरी चुकलं, तर तू मला जा म्हणायची वेळ येणार नाही. मी आपली आपण वर जाऊन बसेन." भाऊजी हसले. मला हसू आलं नाही. या बाईंचा शब्द म्हणजे काय चीज असते ते मला लग्नाच्या फोटोंमुळे माहीत होतं.

कॉम्प्युटर त्यांना अगदीच परका नव्हता, पण लिंक, अपलोड, फोल्डर हे शब्द त्यांनी कात्रीकडून घेतले आणि लगेच आपल्या भाषेत लावून टाकले. ऑनलाइन जागेत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक फोल्डर दिला, तो त्याचा 'खण'. खणात दोन कप्पे, आवक आणि जावक. गिऱ्हाइकाने पाठवलेले फोटो आवकमध्ये, आपण करून दिलेलं काम जावकमध्ये. सगळ्या फायलींचं मिळून एकच गाठोडं करायचं, त्याला झिप म्हणतात असं मला तेव्हा कळलं. गाठोड्याच्या नावात गिऱ्हाईक, काम आणि तारीख. आत पहिलं पान यादीचं. मग लिंक पाठवायची मेलने, आणि तिचा पासवर्ड सांगायचा फोनवर. "कुलूप एका गाडीने, किल्ली दुसऱ्या गाडीने," हे त्यांनी कात्रीकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आणि वजन! फाईल किती जीबीची ते त्या वहीत लिहीत आणि गिऱ्हाइकाला फोन करून विचारत, "तुमच्याकडे किती भरलं?"

पहिल्या आठवड्यात कपाटवाले मॅनेजर गोंधळले. "काय किती भरलं?"

"माल हो. आम्ही तीन पूर्णांक दोन पाठवला. तुमच्याकडे तीन पूर्णांक दोन आला का?"

"बाई, हे इंटरनेट आहे. वाटेत सांडत नाही."

"अहो, मागच्या वेळी हात सांडला होता ना बाईचा?"

पलीकडे मॅनेजर असे खदखदून हसले की भाऊजींनी मान वर करून पाहिलं. त्यानंतर ते आपण होऊन फोन करू लागले, "बाईंना सांगा, तीन पूर्णांक दोन, बरोबर भरलं."

कात्रीने त्यांचं नाव पार्सलताई ठेवलं, ते महिन्याभरात गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसलं. "पार्सलताई, या फाईलवर 'नाजूक' लिहू का? वर कुठली बाजू?" असं तो रोज काही ना काही टोचायचा. त्याही सोडायच्या नाहीत. "तुझ्या मागच्या फिल्मवर 'रिकामा डबा' लिहायला हवं होतं." पण त्यांना ठसका लागला की पाण्याचा पेला आधी तोच पुढे करायचा, हेही मी जिन्यातून पाहिलेलं आहे.

वर माझ्या घरात सुतळ्या सुटायला लागल्या. वन्सं रात्री जेवताना दिवसभराची आवक-जावक सांगत, मधेच हसत. त्यांना हसताना पुढचा एक दात किंचित तिरका दिसतो, हे एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं.

मग घड्याळांचं काम आलं.

बसने दोन तासांवरच्या गावात जुन्या घड्याळांचं एक छोटं संग्रहालय आहे. त्यांचं नवीन दालन शनिवारी उघडणार होतं आणि भिंतींवर लावायला तेरा चित्रं हवी होती, एकेक दरवाजाएवढं. चित्रकार मुलीने दोन महिने खपून ती केली. प्रत्येक चित्रात एक घड्याळ, इतकं बारीक की काट्यावरचा गंजसुद्धा मोजावा. सगळ्यांचं मिळून गाठोडं भरलं अठ्ठेचाळीस जीबी. आमच्या कचेरीच्या लाइनवर बाहेरचं आत भराभर येतं, पण आतलं बाहेर जायला जीव जातो. अख्खा शुक्रवार ते गाठोडं वर चढत होतं. वन्सं मधूनमधून स्क्रीनसमोर जाऊन उभ्या राहायच्या, दुधावर लक्ष ठेवावं तशा.

सोमवारी त्यांनी संग्रहालयाच्या बाईंना फोन लावला. "गाठोडं मिळालं?"

"हो हो, मिळालं."

"किती भरलं?"

"थांबा हं, बघते... अठ्ठेचाळीस जीबी."

वहीत पोच लिहिली गेली, नोंद बंद झाली. आणि पोच आलेला माल काउंटरवर ठेवायचा नाही, या एकतीस वर्षांच्या सवयीने वन्संनी लिंक बंद केली आणि खण रिकामा केला. कपाटवाल्यांच्या फिल्मला जागा हवी होतीच. पुसलेला माल कचरापेटीत पडतो आणि तिथून तो परत काढता येतो, हे कात्रीने त्यांना एकदा सांगितलं होतं. त्यांनी कचरापेटीही झाडून टाकली.

बुधवारी सकाळी दहाला संग्रहालयाच्या बाईंचा फोन आला. चित्रं कापडावर छापून देणारे छपाईवाले काका त्यांच्याच गावात. त्यांनी आत्ता लिंक उघडली, तर 'ही फाईल उपलब्ध नाही' असं येत होतं.

"पण तुम्ही तर सोमवारी वजन सांगितलंत!" वन्सं म्हणाल्या.

"ते लिंकच्या पानावर लिहिलेलंच होतं ना. ते वाचलं मी. उतरवून घेणार छपाईवाले, माझ्या कॉम्प्युटरवर एवढं मावतं कुठे!"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. वन्संचा चेहरा मी पाहिला. बाईंनी चिठ्ठीवरचं वजन वाचलं होतं, माल काट्यावर टाकलाच नव्हता. काउंटरवर अशी पोच वन्संनी कोणाकडून घेतली नसती. इथे घेतली, कारण इथे काटा कुठला आणि चिठ्ठी कुठली हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बाई पुढे सांगत होत्या. छपाईचं मशीन दुपारी दोनपासून त्यांच्यासाठी राखलेलं, आणि उद्यापासून चार दिवस दुसऱ्याच कोणाच्या कामाला लागलेलं. आज छापलं नाही, तर शनिवारी दालन उघडेल ते कोऱ्या भिंतींचं.

चित्रं चित्रकार मुलीच्या कॉम्प्युटरवर होतीच. तो प्रश्न नव्हता. "परत चढवायला किती वेळ?" वन्संनी विचारलं.

कात्रीने हिशेब केला आणि प्रथमच त्याला टोमणा सुचला नाही. "सात तास, ताई. लाइन चांगली राहिली तर."

"आणि बसला दोन."

भाऊजी शूटिंगला परगावी गेलेले. कात्रीची कपाटवाल्यांबरोबर बाराला बैठक. वन्सं उठल्या. "मी जाते. पार्सल माझं आहे."

चित्रकार मुलीने एक शब्द न बोलता हार्ड डिस्क लावली. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं त्या तळहाताएवढ्या वस्तूत उतरलं. तोवर वन्सं स्क्रीनवरच्या तेराही घड्याळांच्या वेळा वहीत टिपून, वर येऊन माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा करून घेऊन गेल्या, दोन धुतलेले नॅपकिनही गेले. डिस्क नॅपकिनात, नॅपकिन डब्यात, डब्याला सुतळी, उभी एक, आडवी एक. वर चिठ्ठी: 'भित्तिचित्रं. तेरा. बुधवार.' घाईतही गाठ तीच पडली. मी गॅस बंद केला, यांना फोनवर "पानं तुमची तुम्ही घ्या" सांगितलं आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

बसमध्ये त्यांनी डबा मांडीवर घेतला. शेजारी एक आजोबा होते, त्यांना राहवेना.

"काय, बिस्किटं का?"

"घड्याळं," वन्सं म्हणाल्या.

"अरे वा. किती?"

"तेरा."

आजोबांनी डब्याकडे पाहिलं. "मनगटी असतील."

"नाही, दरवाजाएवढी आहेत."

आजोबा पुढच्या थांब्यावर रिकाम्या झालेल्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. मला हसू आवरेना. वन्संना ते दिसलंच नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"एकतीस वर्षांत एकही नाही गं, वहिनी," त्या म्हणाल्या. "एकही नाही. आणि इथे सहा महिन्यांत."

"वन्सं, पोचतंय की ते. तुमच्या मांडीवर आहे."

"पोचेल. पण मी शब्द दिला होता. शनिवारी चित्रं भिंतीवर लागली की ही नोंद बंद करते आणि वर येते." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझी पांघरुणं परत बांधायला झालीच आहेत."

पांघरुणांचं मला काही नव्हतं. त्यांनी बांधली तर बरीच होती ती. पण तो तिरका दात मला पुन्हा आत गेलेला नको होता.

छपाईवाल्या काकांची जागा म्हणजे एक लांबलचक शेड, रंगाचा उग्र वास, आणि मधोमध बसएवढं मशीन. दोनला पन्नास मिनिटं होती. काकांनी डब्याची गाठ पाहिली आणि कात्री शोधायला लागले. वन्संनी नखाने गाठ सोडली. काकांनी एक भुवई वर केली, डिस्क लावली, माल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला.

"झालं. आलं सगळं."

"आता तुमच्या काट्यावर किती भरलं ते बघा. माझ्या डिस्कवरचं नको."

"बाई, आलंय हो."

"सोमवारीही आलं होतं."

काकांनी पाहिलं. अठ्ठेचाळीस. "आता एकेक उघडा," वन्सं म्हणाल्या. काका कुरकुरले, मशीन तापलंय म्हणाले, पण उघडली. वन्सं चष्मा सरसावून स्क्रीनला नाक लावून उभ्या, वही हातात. "पहिल्यात किती वाजलेत?"

"पहिल्या कशात?"

"चित्रातल्या घड्याळात हो. किती वाजलेत?"

"सव्वाचार."

"बरोबर. दुसऱ्यात?"

तेराही घड्याळांची वेळ वहीशी ताडून झाली तेव्हा खऱ्या घड्याळात दोनला पाच कमी होते. मशीन सुरू झालं. पांढऱ्या कापडावर आधी एक पितळी कड उमटली, मग रोमन आकडे, मग काटा, आणि काट्यावरचा तो गंज. काकाही हातातलं काम सोडून बघायला आले. "सुरेख केलंय बरं का," म्हणाले. "कोणी केलं?" वन्संनी चित्रकार मुलीबद्दल सांगितलं, तिचा मोबाइल नंबर दिला, आणि तिला फोन करून तिच्याच कानावर घाला असंही बजावलं. पुढे कळलं की त्या फोनवर ती मुलगी तब्बल आठ वाक्यं बोलली.

घरी येऊन वन्संनी पहिलं काम केलं ते वही उघडण्याचं. घड्याळवाल्यांच्या नोंदीवर आधी लिहिलेली पोच एका रेघेने खोडली, बाजूला सही केली आणि पुढे लिहिलं, 'पोच बाकी.' त्याखाली नवा नियम: 'फक्त वजन विचारू नये. उघडल्याशिवाय सांगता येणार नाही असं काहीतरी विचारावं.' गुरुवारी कपाटवाले मॅनेजर सांगत होते, "हो बाई, तिसऱ्या कपाटाची मूठ हिरवी आहे, आणि ती आम्हाला पांढरी हवी होती." ती चूक छापायच्या आधी सापडली, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. कात्रीच्या आलं.

भाऊजी शूटिंगहून परत आले, सगळं ऐकलं आणि वर येऊन ताईंची समजूत घालायला बसले. "अगं, चूक आमची. पानावरचं वजन आणि उतरलेला माल यांतला फरक आम्ही सांगायला हवा होता."

"ते तू सांग. मी आपला शब्द पाळते."

"ताई, तुझ्याशिवाय ती वही कोण बघणार?"

"कात्रीला शिकवलंय मी."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी भाजी चिरत होते. मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, शनिवारपर्यंत नोंद उघडी आहे." ते माझ्या बोलण्यावर विचार करत खाली गेले. मी अजून शपथेवर सांगते, मला त्यातून काही सुचवायचं नव्हतं. निदान फार काही नव्हतं.

शनिवारी दालन उघडलं. संग्रहालयाच्या बाई भिंतींचा फोटो पाठवणार होत्या, तीच शेवटची पोच. वन्संनी सकाळीच टेबल आवरलं. चष्म्याचं घर, पेन, सुतळीचं रीळ पिशवीत. वही तेवढी बाहेर. दुपारी त्या जेवायला वर आल्या आणि त्यांचं जेवण होईतो फोटो आला, असं कात्रीने जिन्याखालून ओरडून सांगितलं. मीही हात पुसले आणि रिकामे कप आणायला ट्रे घेऊन खाली गेले.

स्क्रीनवर लांबलचक भिंत. घड्याळांपुढे माणसं उभी, एक लहान मुलगी सर्वांत मोठ्या काट्याकडे बोट दाखवतेय. वन्संनी पेनाच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. "अकरा... बारा..." पेन फोटोच्या कडेवर येऊन थांबलं.

"तेरावं कुठाय?"

कात्री छताकडे बघत म्हणाला, "नसेल लागलं अजून. लागेल की सोमवारपर्यंत. किंवा बुधवारी. काय आहे ताई, पोच बाकीच राहिली म्हणायची ही. नोंद उघडी. आता अशी उघडी टाकून कसं जाणार तुम्ही?"

भाऊजींना एकदम टेबलाखाली काहीतरी सापडलं. चित्रकार मुलीने ओठ आत घट्ट दाबून धरले होते.

वन्संनी फोन उचलला. "नमस्कार, मी बोलतेय. फोटो मिळाला हो, फार छान. किती वजनाचा पाठवला होतात?... अठरा एमबी. बरं, बरं. आणि उजव्या टोकाला, दाराजवळ? लंबकाचं घड्याळ. हो ना, तेच तेरावं." फोन ठेवला. स्क्रीनवरच्या फाईलचं वजन पाहिलं. पंधरा. चष्म्यावरून कात्रीकडे पाहिलं.

"तीन एमबी कापलंस?"

कात्री पस्तीस वर्षांचा बाप्या, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ताई, तेवढंच येतं मला," तो म्हणाला. "तुम्ही जायला नको म्हणून..."

"पोच कापून देतोस?" वन्संचा आवाज असा चढला की मी ट्रे खाली ठेवला. "आलेल्या मालाला परस्पर हात लावतोस? गिऱ्हाइकाने तेरा दिली आणि तू बारा दाखवतोस? आणि तुझ्यासारख्या माणसाच्या हाती मी हा काउंटर देऊन वर जाऊन बसू?"

स्वतःचं वाक्य संपल्यावर वन्संना ते ऐकू आलं असावं. त्यांनी पिशवी जवळ ओढली. मग पिशवीतून सुतळीचं रीळ काढून टेबलावर ठेवलं, मग पेन, मग चष्म्याचं घर, आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"मूळ फोटो आण," त्या कात्रीला म्हणाल्या. "आणि तुझ्या हाती आवक आजपासून बंद. फक्त जावक, तीही माझ्यासमोर."

"हो, पार्सलताई," कात्री इतक्या आनंदाने म्हणाला की चित्रकार मुलगी फस्सकन हसली, आणि मग भाऊजीही टेबलाखालून हसत बाहेर आले.

मूळ फोटो आला, अठरा भरला. तेराव्या घड्याळापुढे संग्रहालयाच्या बाई स्वतः उभ्या होत्या. वन्संनी पोच लिहिली, तारीख घातली, नोंद बंद केली. लगेच पान उलटून नवी नोंद सुरू केली, कारण बाईंनी फोनवर पुढच्या दालनासाठी वाळूच्या घड्याळांचे फोटो आवकमध्ये टाकले असल्याचं सांगितलं होतं. "किती टाकलेत ते विचारायचं राहिलं," असं पुटपुटत त्या परत फोनकडे वळल्या.

मी ट्रे उचलून वर आले आणि चहा टाकला. सहा महिने झाले, माझ्या साखरेच्या डब्यावर अजून तोच मंगळवार आहे. साखर मात्र कितीदा तरी भरून पुन्हा संपत आली होती.